पाऊच म्हणजे काय रे भाऊ?

भाऊबीजेला मरोळला मामांकडे जायचं हा आमच्या घरातला जुना रिवाज. पूर्वी अंधेरीला उतरून बसच्या रांगेत अर्धा तास काढावा लागायचा, हल्ली मेट्रोनं मरोळ नाक्याला दहा-बारा मिनिटांत पोचता येतं. बाकी फारसं काही बदललेलं नाही. मामींच्या चकल्या तशाच, मामांचा आवाज तसाच, आणि जेवणानंतर मामा आणि मामेभावाचं वाजणं पण तसंच.

या वेळी वाद होता एका पाऊचवरून. फेसपॅकचा पन्नास ग्रॅमचा पाऊच असतो ना, वर झिप असलेला, चकचकीत, मागे बारीक अक्षरात घटक, वजन, किंमत वगैरे छापलेलं, तसला. मामांनी तो रिकामा पाऊच माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "तूच सांग गं, हे काय आहे?"

मी म्हटलं, "पाऊच आहे, मामा."

"झालं! ही पण सरकारी पार्टीत गेली," मामा म्हणाले आणि पाऊच टेबलावर टाकला. मामेभाऊ हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. कारण याच प्रश्नाच्या उत्तरापायी त्याचे सव्वापाच लाखांच्या वर गेले आहेत. घरात सगळ्यांना आकडा माहीत आहे, कारण कोणालाच नीट कळलेलं नाही. त्या दिवशी तिथे बसून मी सगळी कागदपत्रं वाचली, नंतर घरी येऊनही बरंच वाचलं, आणि आता माझं एक मत झालं आहे. नातेवाईकांपैकी निम्मे मामांच्या बाजूला आहेत आणि निम्मे "कायदा म्हणजे कायदा" म्हणणारे. मी दोघांनाही थोडं नाराज करणार आहे, तेव्हा आधीच माफी मागून ठेवते.

आधी थोडी पार्श्वभूमी, माझ्या बाहेरच्या वाचकांसाठी. मामा मूळचे छापखान्यातले. गिरगावातल्या एका प्रेसमध्ये खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे मरोळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटा गाळा घेऊन स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे दुकानदारांच्या प्लास्टिकच्या पिशव्या. साडीच्या दुकानाची पिशवी, मिठाईवाल्याची पिशवी... आमच्या लहानपणी मामांच्या अंगाला कायम शाई आणि थिनरचा वास यायचा. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली आणि मामांचं अर्ध्याहून जास्त काम एका अधिसूचनेत गेलं. त्याबद्दल मामांनी कधी तक्रार केली नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस त्यांनी बघितला होता. नाल्यात काय तुंबलं होतं ते आपल्याला माहीत आहे, असं म्हणायचे.

मग मामेभावानं गाळा ताब्यात घेतला आणि धंदा बदलला. फेसपॅक, उटणं असल्या पावडरी तयार करायच्या, पाऊचमध्ये भरायच्या, आणि लहान लहान ब्रँडवाल्यांना त्यांच्या नावानं विकायच्या. माल आमचा, नाव तुमचं. आता असे ब्रँडवाले एका वेळी दोन-तीन हजार पाऊच मागतात, आणि प्रत्येकाचं डिझाइन वेगळं. आपल्याकडे असे पाऊच बहुतेक ग्रॅव्हर पद्धतीनं छापतात. त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सहा रंग म्हणजे सहा सिलिंडर. तो खर्च लाखभर पाऊचवर पसरला तर जाणवत नाही, दोन हजारांवर पसरला तर पाऊच आतल्या मालापेक्षा महाग होतो. म्हणून मोठे छपाईवाले एवढं लहान काम घेत नाहीत. चीनमधले डिजिटल छपाईवाले घेतात, तयार पाऊच खोक्यात घालून पाठवतात. मामेभावानं २०१८ पासून ते मागवायला सुरुवात केली. माल विमानानं सहारला यायचा, गाळ्यापासून हाकेच्या अंतरावर.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

परदेशातून कुठलीही वस्तू आली की कस्टम्समध्ये पहिला प्रश्न असतो, ही वस्तू म्हणजे काय? किंमत, कर हे सगळं त्यानंतर. जगातल्या सगळ्या वस्तूंची एक यादी आहे, हार्मोनाइज्ड सिस्टिम नावाची. १९८८ पासून ती आंतरराष्ट्रीय पातळीवर लागू झाली, आणि आपण तर १९८६ मध्येच आपलं दरपत्रक त्या साच्यात बसवून घेतलं होतं. त्यात ९७ प्रकरणं आहेत. जिवंत जनावरांपासून सुरुवात होते आणि चित्रं, पुतळे, पुरातन वस्तूंवर शेवट. (प्रकरण ७७ रिकामं ठेवलंय, पुढेमागे लागेल म्हणून. आपल्या आज्या पाहुण्यासाठी एक पान जास्त वाढायच्या तसं.) प्लास्टिक आणि प्लास्टिकच्या वस्तू प्रकरण ३९ मध्ये येतात. पुस्तकं, वर्तमानपत्रं, चित्रं आणि इतर छापील गोष्टी प्रकरण ४९ मध्ये.

मग छापलेलं प्लास्टिक कुठे?

यावर यादी बनवणाऱ्यांनी विचार केलेला आहे. प्लास्टिक आणि रबराच्या विभागाला एक टीप जोडली आहे. तिचा मथितार्थ असा, की प्लास्टिकच्या वस्तूवर अक्षरं, नक्षी किंवा चित्रं छापली असतील आणि वस्तूच्या मुख्य वापराच्या मानानं ती छपाई नुसती दुय्यम नसेल, तर ती वस्तू प्रकरण ४९ मध्ये जाईल. म्हणजे छपाई मुख्य असेल तर ते छापील साहित्य, आणि छपाई दुय्यम असेल तर ते प्लास्टिक.

वाचायला किती सोपं वाटतं! मामेभावाच्या कस्टम्स एजंटनं हीच टीप वाचली आणि म्हणाला, पाऊचवर सहा रंगांत पुढून मागून छपाई आहे, छपाईशिवाय हा पाऊच कोणी विकत घेणार नाही, तेव्हा हे छापील साहित्य. त्यानं ४९११ या शीर्षकाखाली बिल ऑफ एंट्री भरली. तीन वर्षांहून जास्त काळ तसाच माल सुटत राहिला. कोणी काही विचारलं नाही.

यात फायदा काय होता? त्या वेळी प्लास्टिकच्या पाऊचवर आयातीच्या वेळचा जीएसटी होता १८ टक्के आणि ४९११ खालच्या छापील साहित्यावर १२ टक्के. हिशेबासाठी समजा १० लाखांचा माल आहे आणि मूळ सीमाशुल्क दोन्हीकडे १० टक्के आहे. शुल्क १ लाख, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे १० हजार. झाले ११ लाख १० हजार. यावर १२ टक्क्यांनी जीएसटी होतो १,३३,२०० आणि १८ टक्क्यांनी १,९९,८००. फरक ६६,६००.

जानेवारी २०२३ मध्ये नोटीस आली. तुमचा माल प्रकरण ३९ मधला आहे, तुम्ही जाणूनबुजून माहिती दडवून तो ४९ मध्ये दाखवला, तेव्हा २०१८ पासूनचा सगळा फरक भरा, वर व्याज आणि दंड.

आता माझं पहिलं मत सांगते, मामांना न आवडणारं. वर्गवारीपुरतं बोलायचं तर नोटीस बरोबर होती.

मी एक साधी परीक्षा करून बघितली. मनातल्या मनात छपाई पुसून टाकायची आणि मग काय उरतं ते बघायचं. पाऊचवरची छपाई पुसली तर काय उरतं? पाऊच! पावडर आत राहते, दमटपणा बाहेर राहतो, झिप लागते. काम चालू. उलट एखाद्या लेबलवरची छपाई पुसली तर कोरं चिटोरं उरतं, त्याचा कोणालाच उपयोग नाही.

हे माझं डोकं नाही हं, सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांमधून मला असं वाटलं. एके काळी एक्साइजमध्ये "छपाई उद्योगाची उत्पादनं" करमुक्त होती. त्यावरून छापील पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या रोलाटेनर्स कंपनीनं म्हटलं की आमचे खोके छापलेले आहेत, आम्हालाही माफी द्या. १९९४ मध्ये कोर्टानं सांगितलं की खोका हा पॅकेजिंग उद्योगाचा माल आहे, नुसता छापखाना खोका बनवू शकत नाही. पुढे १९९६ मध्ये मुंबईच्या मेटाग्राफ्स कंपनीचा खटला आला. ही कंपनी ॲल्युमिनियमची छापील लेबलं बनवायची. तिथे कोर्टानं उलट कौल दिला. लेबलचं कामच मुळी माहिती सांगणं आहे, छपाई हाच त्याचा जीव आहे, म्हणून ते छपाई उद्योगाचं उत्पादन. दोन निकाल दोन वर्षांच्या अंतरानं आले आणि दिसायला एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोन्ही पटतात. जीएसटी आल्यावरही हाच प्रश्न निघाला होता. २० ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात सरकारनं सांगितलं की गिऱ्हाइकाचं नाव, बोधचिन्ह छापलेली पाकिटं आणि खोकी हा माल आहे, छपाईची सेवा नव्हे.

शिवाय आणखी एक गोष्ट मी मामेभावाला विचारली. तुझ्या पाऊचची पर्यावरण खात्याच्या नियमात नोंद कशी आहे? फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक वेष्टनाच्या विल्हेवाटीची जबाबदारी आयातदारांवर टाकणारे तपशीलवार नियम आले. तिथे त्यानं हेच पाऊच प्लास्टिकचं वेष्टन म्हणून दाखवले आहेत. तिथे छपाई आठवली नाही! तो म्हणाला, "ताई, तू पण ना..."

मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "पण रंग बघ. रजिस्टर बघ, एका केसाचा फरक नाही. एवढं काम कोणी केलं? पिशवी चिकटवणाऱ्यानं?" त्यांचं दुःख वेगळंच आहे, हे मला तेव्हा कळलं. आयुष्यभर छापखानेवाला म्हणून राहिलेल्या माणसाला कोणीतरी लेखी कळवलं होतं की छपाई दुय्यम आहे. मामा, ती पिशवीच्या मानानं दुय्यम आहे, एवढंच म्हणणं आहे त्यांचं. पण हे वाक्य मला त्या दिवशी बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आता दुसरं मत, "कायदा म्हणजे कायदा" म्हणणाऱ्यांना न आवडणारं. चुकणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं.

माझी पुसायची परीक्षा पाऊचला लागू पडते म्हणून हा विषय सोपा आहे असं समजू नका. जरा पुढे जाऊन बघा. बाटलीवर चढवतात ती आकसणारी बाही घ्या. छपाई पुसली तर ती नुसती पारदर्शक फिल्म. पण झाकणापर्यंत चढवलेली असेल तर बाटली आधी कोणी उघडली नाही याची खूण म्हणूनही ती काम करते. मग मुख्य काय, दुय्यम काय? किंवा साधं लेबल घ्या. लेबल कागदी असेल तर त्याला स्वतःचं शीर्षक आहे, ४८२१, छापलेलं असो वा कोरं. लेबल प्लास्टिकचं असेल आणि मागे गोंद असेल तर ते ३९१९, कारण त्या टीपेत स्वतः चिकटणाऱ्या मालाचा अपवाद केलेला आहे, कितीही छापा. आणि तेच प्लास्टिकचं लेबल, तीच शाई, तोच मजकूर, पण मागे गोंद नसेल तर ते ४९११ मध्ये जाऊ शकतं. म्हणजे एकाच शाम्पूच्या बाटलीवर लावायच्या तीन लेबलांची तीन घरं! मामांच्या गाळ्यात ही तिन्ही एकाच फळीवर ठेवलेली असतात.

आणि हे फक्त लेबलांचं नाही. खोबरेल तेल खायचं की केसांना लावायचं हा वाद सुप्रीम कोर्टात गेला होता, आठवतंय? लहान बाटलीत भरलं म्हणजे ते केसांचं तेल, असं खात्याचं म्हणणं. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की नुसत्या लहान बाटलीमुळे खाद्यतेल हे केशतेल होत नाही. आपल्या मराठी माणसांच्या विको कंपनीनं हळदीचं क्रीम हे प्रसाधन नसून औषध आहे, एवढं सिद्ध करायला किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. शेवटी जिंकले. जिथे सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींचंही एकमत होत नाही, तिथे मरोळच्या गाळेवाल्यानं पहिल्याच फटक्यात अचूक उत्तर द्यायला हवं, नाहीतर तो लबाड, हे कुठलं गणित?

कायदा खरं तर हा फरक ओळखतो. प्रामाणिक चूक असेल तर खातं दोन वर्षं मागे जाऊ शकतं. संगनमत, जाणूनबुजून खोटं किंवा माहिती दडवणं असेल तर पाच वर्षं. मामेभावाला दोन वर्षांचा नियम लावला असता तर जानेवारी २०२१ पासूनच्या मालाचाच हिशेब झाला असता, कारण ऑक्टोबर २०२१ पासून छापील साहित्याचाही दर १८ टक्के झाला आणि फरकच उरला नाही. म्हणजे जेमतेम नऊ महिने. पण नोटिशीत "दडवणं" हा शब्द होता, म्हणून सव्वातीन वर्षं.

काय दडवलं होतं त्यानं? मी प्रत्येक बिल ऑफ एंट्री बघितली. मालाच्या वर्णनात स्वच्छ लिहिलंय, छापील प्लास्टिक पाऊच. छापील, प्लास्टिक आणि पाऊच. तिन्ही शब्द. यापेक्षा जास्त खरं कसं बोलायचं? वर्णन खरं, किंमत खरी, नग खरे. चुकला तो फक्त आठ अंकी आकडा, आणि आकडा म्हणजे मत. सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्येच नॉर्दर्न प्लास्टिक्सच्या खटल्यात सांगितलेलं आहे, की मालाचं वर्णन बरोबर असेल तर अमुक वर्गवारी किंवा सवलत लागू आहे असा दावा करणं म्हणजे खोटी माहिती देणं नव्हे. तरी नोटिसा काढताना "जाणूनबुजून" हा शब्द सर्रास येतो. का येतो तेही उघड आहे. तो शब्द घातला नाही तर तीन वर्षं हातातून जातात.

खात्याची बाजू मला दिसत नाही असं नाही. २०११ पासून आयातदारानं स्वतःच वर्गवारी करून कर भरायचा अशी पद्धत आहे. विश्वास टाकलाय तर जबाबदारीही आली. आणि लबाडी करणारे असतातच, किंमत कमी दाखवणारे, वर्णनात गोलमाल करणारे. नंतर तपासणारं कोणी नसेल तर सरळ माणूसच मूर्ख ठरेल. त्यातून २०२० पासून फेसलेस पद्धत आली, म्हणजे सहारला उतरलेल्या मालाचे कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी बघतो. ओळखीपाळखी, चहापाणी यांना आळा घालायचा म्हणून ते चांगलंच. पण त्या अधिकाऱ्याला पाऊच हातात घेता येत नाही, कागदावरचं वर्णनच बघावं लागतं. मग कागदावर "छापील प्लास्टिक पाऊच" असं वाचूनही त्यानं माल सोडला असेल, तर निदान त्या वेळी त्यालाही हे उत्तर पटण्यासारखं वाटलं असेल ना? जे मत एका अधिकाऱ्याला चाललं तेच मत आयातदाराचं असेल तर ते लबाडी कसं?

आणि आता सगळ्यात कडू भाग. या सगळ्यातून सरकारला मिळालं काय?

मामेभाऊ आपल्या फेसपॅकवर त्या वेळी १८ टक्के जीएसटी भरत होता. आयातीच्या वेळी भरलेला जीएसटी त्यातून वजा होतो. त्यानं आयातीच्या वेळी १८ टक्के भरले असते तर विक्रीच्या वेळी तेवढे कमी भरले असते. १२ भरले, म्हणून विक्रीच्या वेळी ते ६ जास्त भरले. सरकारच्या तिजोरीत पैसे तेवढेच आले, एका खिडकीऐवजी दुसऱ्या खिडकीतून. थोडे उशिरा, एवढंच. ज्यात त्याला कायमचा एक पैसा सुटत नव्हता, ती लबाडी त्यानं कशासाठी केली असेल? तीन वर्षांत साधारण पन्नास लाखांचा माल, त्यावर फरक सव्वातीन लाखांच्या थोडा वर. तो वजा होणारा. पण १५ टक्क्यांनी लागलेलं व्याज आणि दंड हे वजा होत नाहीत. ते गेले ते गेले.

"मग लढला का नाहीस?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं ते ऐकून मलाच गप्प बसावं लागलं. कायद्यात एक सोय आहे. दडवण्याचा आरोप असला तरी नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत सगळा फरक, व्याज आणि फरकाच्या १५ टक्के दंड भरला तर प्रकरण तिथेच मिटतं. नाही भरलं आणि हरला, तर दंड फरकाइतकाच, म्हणजे शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. वर वकील, ट्रिब्युनल, पाच-सात वर्षं. वकिलानं त्याला सांगितलंही होतं की मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये महिंद्रा अँड महिंद्राच्या खटल्यात, आयातीवरच्या अशा जोडकरांवर व्याज आणि दंड लावायची तरतूदच कायद्यात नाही, असा निकाल दिलाय. तो जुन्या जोडकरांबद्दल होता, पण जीएसटीलाही लावून बघता येईल, लढण्यासारखं आहे. (पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारनं कायद्यातच दुरुस्ती करून ती फट बुजवली.) पण गाळ्यात चार माणसं कामाला, पुढच्या खेपेचे पैसे अडकलेले, आणि मामांची नुकतीच ॲन्जिओप्लास्टी झालेली. त्यानं एकोणतिसाव्या दिवशी पैसे भरले.

"ताई, पैशाचं एक वेळ ठीक आहे," तो म्हणाला. "पण भरले म्हणजे मी मान्य केलं ना, की मी दडवलं? मी कुठे दडवलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. वर्गवारीचे वाद राहणारच. वस्तू रोज नव्या निघतात आणि ९७ प्रकरणांत जग बसवायचं म्हणजे कोपरे बाहेर येणारच. पण वर्णन खरं असेल आणि वाद फक्त आकड्याचा असेल, तर "जाणूनबुजून" हा शब्द वापरायला बंदी हवी. दोन वर्षांचा फरक घ्या, व्याज घ्या, पुढे नीट भर म्हणून सांगा. पाच वर्षं आणि दंड हे खरं दडवणाऱ्यासाठी ठेवा. आणि जिथे भरलेला कर पुढे वजाच होतो, तिथे खात्यानं नोटीस काढायच्या आधी एकदा बेरीज-वजाबाकी करून बघावी, की या लढाईतून सरकारला नक्की काय मिळणार आहे. दोन घरांचे दर सारखे केले की भांडण आपोआप मिटतं, हे ऑक्टोबर २०२१ नं दाखवून दिलंच आहे.

आणि आपल्यासारख्यांसाठी, म्हणजे तुमच्यापैकी कोणी परदेशातून काही मागवत असेल तर: आधी विचारा. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसमध्ये आगाऊ निर्णय देणारं प्राधिकरण २०२१ च्या जानेवारीपासून चालू आहे. दहा हजार रुपये फी भरून अर्ज करायचा, माझा माल असा असा आहे, तो कुठल्या शीर्षकात येतो? तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असा कायदा आहे, आणि ते उत्तर खात्यावरही बंधनकारक असतं. दहा हजार गाळेवाल्याला थोडे नाहीत. पण मामेभावाच्या आकड्याकडे बघितलं तर स्वस्तच म्हणायचे. एजंट सांगतो म्हणून आकडा टाकू नका. एजंट चुकला तरी नोटीस तुमच्या नावावर येते.

असो. निघताना मामांनी तो पाऊच पुन्हा उचलला. चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघत होते. मला वाटलं अजून भांडायचंय. पण ते म्हणाले, "या कोपऱ्यात निळा जरा जास्त बसलाय. चिन्यालाही चुका होतात म्हणायच्या." मग तो नीट घडी घालून त्यांनी कपाटात ठेवला. मामींनी त्याच पाऊचांपैकी एकात माझ्यासाठी चकल्या भरून दिल्या होत्या. झिप लावून. घरी येईपर्यंत कुरकुरीत राहिल्या.